ब्राउझर गेमला किंमत किती लावावी? (आणि इडलीचं पीठ विकावं का?)

अर्धा_कप
नमस्कार मंडळी. गेलं सव्वा वर्ष रात्रीची भांडी घासून झाली की मी एक गेम बनवत बसते. नाव सध्या नुसतंच 'खानावळ'. पेठेतली एक खानावळ तुम्ही चालवायची. जूनमध्ये पोरं येतात, महिन्याची कुपनं घेतात, एप्रिलमध्ये परीक्षा संपली की गावाला जातात. मधल्या काळात गॅस महागतो, पोळ्या लाटणाऱ्या मावशी आजारी पडतात, कोणीतरी दोन महिने उधारीवर जेवून गायब होतो. डाउनलोड काही नाही, लिंक उघडली की सुरू. इथल्या काही जणांनी चाचणीत खेळून पाहिला, त्यांचे आभार.

आता प्रश्न पैशांचा. डोक्यात चार पर्याय घोळताहेत: एकदाच १४९ रुपये, महिन्याला २९, पूर्ण फुकट आणि जाहिराती, किंवा फुकट आणि आत छोटी छोटी खरेदी. शेवटच्यासाठी जागाही आयतीच आहे. गेममध्ये इडलीचं पीठ आंबायला खरोखरचे आठ तास लागतात. रात्री भिजवायचं, सकाळी येऊन बघायचं. नवरा म्हणतो, "दहा रुपयांत पीठ लगेच आंबव, लोक देतील." मला ते कसंतरीच वाटतंय, पण का, ते नीट सांगता येत नाही. अनुभवी लोकांनी बोला.

नववी_ब
पैसे देऊन पीठ आंबवायचं?? पुण्याच्या थंडीत मी खरोखर देईन. गेममध्ये नाही, घरी.

घाटावरचा
फुकट द्या आणि मोकळ्या व्हा. मराठी माणूस गेमला पैसे देत नाही. ब्राउझरमधल्या तर अजिबात नाही. लिंक म्हटली की ती फुकटच, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. शाळेत असताना साताऱ्यात वीस रुपये तासाने कॅफेत बसून ब्राउझरमधले, फ्लॅश सॉफ्टवेअरवर चालणारे गेम खेळलो, पण ते वीस रुपये कॅफेवाल्याला गेले. गेम बनवणाऱ्याला दमडी दिल्याचं आठवत नाही. २०२० संपताना अडोबीने फ्लॅश बंद केलं तेव्हा हळहळलो, तेही फुकटच.

चिंचगूळ
घाटावरचा, मराठी माणूस नाटकाला पाचशेचं तिकीट काढतो, दिवाळी अंक घेतो, चकलीच्या भाजणीला किलोमागे काय वाटेल ते देतो. पैसे देत नाही हे खरं नाही. कशासाठी देतोय ते त्याला आधी दिसावं लागतं, एवढंच.

अर्धा_कप, तुमचा गेम मी खेळले आणि अंगावर काटा आला, कारण माझ्या आईची खरोखर खानावळ होती. वहीतल्या उभ्या रेघा अगदी तशाच! फक्त एक चुकलंय. तुम्ही खाडे धरले नाहीत. पोरगं शनिवार-रविवार गावाला गेलं तर तेवढी ताटं पुढच्या महिन्यात वळती करावी लागतात. आईचा नियम असा होता की आदल्या दिवशी सांगून गेलात आणि सलग तीन दिवस नसलात, तरच खाडा. त्यावरून रोज भांडणं. ते नाही तर खानावळ कसली?

सुशेगाद_सर्वर
चिंचगूळताईंचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, त्यावर नंतर येतो. आधी पीठ.

अर्धा_कप, तुम्हाला कसंतरी वाटतंय त्याचं कारण सांगतो. मी पणजीत एका कंपनीत चार वर्षं मोबाइल गेमवर काम केलं, नाव सांगत नाही. आमच्याकडे अशीच एक वाट पाहायची जागा होती. सुरुवातीला ती दोन तासांची होती आणि खेळायला छान होती. मग 'लवकर करा' हे बटण आलं. विक्री बरी झाली तसे वरून निरोप येऊ लागले: तीन तास करा, पाच करा. शेवटी अकरा तासांवर गेलं. कोणाला गेम बिघडवायचा नव्हता. पण ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तिचा त्रास वाढवण्यातच सगळ्यांचा फायदा, हे गणित ठरून गेलं होतं. आज तुमचे आठ तास खरे आहेत, कारण पीठ खरंच आठ तास घेतं. दहा रुपयांचं बटण आलं की पुढच्या वर्षी तुम्हीच स्वतःला पटवाल की डिसेंबरात बारा तास लागतात.

किंमत शेवटी चिकटवायचं लेबल नसतं हो. ती गेमच्या आत शिरते.

नववी_ब
पण डिसेंबरात बारा तास लागतातच की 🙂

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. इथून १४९ रुपये म्हणजे दोन डॉलरच्या आतबाहेर, त्यात कॉफीसुद्धा येत नाही. मला द्यायला लाज वाटेल. बाहेरच्यांसाठी वेगळा दर ठेवा. इच डॉट आयओ या गेम विकायच्या साइटवर किमान किंमत ठेवून वरती हवं तेवढं देता येतं, ब्राउझरमध्ये चालणारे गेमही तिथे चढवता येतात, आणि त्यांचा हिस्सा किती हे बनवणाराच ठरवतो. काही बदललं नाही तर १० टक्के. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ३० टक्के जातात, शिवाय प्रत्येक गेममागे आधी १०० डॉलर भरायचे, ते हजार डॉलरची विक्री झाल्यावर परत.

स्टीम म्हणजे ब्राउझर नाही हे मान्य. पण 'कुकी क्लिकर' या गेमचं बघा. २०१३ पासून ब्राउझरमध्ये फुकट. २०२१ मध्ये तोच गेम स्टीमवर पाच डॉलरला आला, फुकटचा तसाच चालू ठेवून. आठ वर्षं फुकट खेळलेल्या लोकांनी घेतला. मीही घेतला. त्याची गरज नव्हती, राहिलेलं देणं फेडायचं होतं.

घाटावरचा
हे तुम्ही न्यू जर्सीत बसून म्हणताय. देणं फेडायला डॉलर लागतात.

काकडआरती
सुप्रभात. मी बँकेतून निवृत्त, गेममधलं फारसं कळत नाही, नातवाने लिंक दिली. पण पैशाचं थोडं कळतं म्हणून लिहितो.

महिन्याला २९ रुपये सोडून द्या. कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापायचे तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला निरोप जावा लागतो. नियम उत्तम आहे, लोकांच्या खिशाचं रक्षण होतं. पण तुमच्या बाजूने पाहा. दर महिन्याला बँक स्वतः तुमच्या खेळाडूला विचारणार, 'बाबा रे, २९ रुपये जाणार आहेत, चालेल ना?' ज्याने तीन आठवडे खेळ उघडलेला नाही तो तिथल्या तिथे बंद करील. मोठ्या कंपनीला हे झेपतं. तुम्ही दर महिन्याला नवं काय देणार?

एकरकमी १४९ घेतलेत आणि ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या गेटवेची फी दोन टक्के व तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर साडेतीन रुपये जातात. हातात १४५ आणि काही पैसे. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांना २० लाखांची आहे. तिथवर पोचलात तर पेढे पाठवा.

अर्धा_कप
काकडआरती काका, निरोपाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. २९ बाद.

सुशेगाद_सर्वर, तुमचं वाचून नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "मग आठच्या ठिकाणी कायम आठ लिहून टाक ना." मी म्हटलं, लिहिणारी मीच आणि खोडणारीही मीच.

बाराखडी
पैशांचं चालू द्या, मी तक्रार घेऊन आलेय. खानावळीबाहेरच्या फळ्यावर आजचा बेत लिहायचा असतो, तिथे आठ अक्षरांची मर्यादा आहे. मी 'श्रीखंड' लिहिलं तर फळा म्हणतो, एकच अक्षर उरलं! श्री, खं, ड. तीन अक्षरं. तुमचा फळा सात मोजतोय.

अर्धा_कप
अरेरे. मी सरळ कोडमधली लेन्थ, म्हणजे मजकुराची लांबी, घेतली होती.

बाराखडी
तेच. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची भाषा श, हलन्त, र, दीर्घ ईकार, ख, अनुस्वार, ड असं सुटं सुटं मोजतं. त्याच भाषेतलं इंट्ल डॉट सेगमेंटर वापरा, ते मजकुराचे अक्षरांप्रमाणे तुकडे करतं. त्यातही जुन्या ब्राउझरमध्ये श् आणि री असे दोन तुकडे पडतात, कारण जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोड या संगणकावरच्या लिप्यांच्या मानकात १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. किंवा अक्षरं मोजूच नका, फळ्याची रुंदी मोजा. खरा खानावळवाला कुठे अक्षरं मोजतो? जागा संपली की शेवटचा शब्द बारीक करून कोपऱ्यात कोंबतो.

चिंचगूळ
आईचा फळा: 'आज श्रीखंड पुरी' मोठ्ठं, आणि खाली मुंगीएवढं 'श्रीखंड एकच वाटी'.

नववी_ब
बग सांगायचाय. भात संपल्यावरही ताटं वाढता येतात. माझ्याकडे भात उणे दोन किलो आहे.

घाटावरचा
हा बग कसला, हेच खानावळीचं खरं अर्थशास्त्र.

सुशेगाद_सर्वर
आता खाडे. बहुतेक रोजच्या गेममध्ये एक दिवस चुकला की शिक्षा असते: मालिका तुटली, बक्षीस गेलं. लोक प्रेमाने येत नाहीत, धास्तीने येतात. खाडा याच्या बरोबर उलटा. तीन दिवस आला नाहीत? हरकत नाही, तुमचं राहिलेलं पुढे धरू.

'किंगडम ऑफ लोदिंग' नावाचा एक ब्राउझर गेम आहे, २००३ पासूनचा. काड्यांची माणसं, सगळी चित्रं हाताने काढल्यासारखी, विनोद पानापानावर. त्यात दिवसाला ४० खेळ्या मिळतात, आणि गंमत म्हणजे गेममध्ये खाल्लं-प्यायलं की जास्त मिळतात. वापरल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी जमा होतात, पण २०० च्या वर साठत नाहीत. म्हणजे खाडाच, आणि त्याला चिंचगूळताईंच्या आईंसारखी मर्यादाही. पैसे कसे घेतात? दहा डॉलरची देणगी दिलीत की एक खास वस्तू मिळते, तिच्या बदल्यात त्या महिन्याची विशेष वस्तू घेता येते. ती गेममधल्या चलनात दुसऱ्या खेळाडूकडूनही विकत मिळते. त्यामुळे खिशात डॉलर नसलेला पण वेळ असलेला माणूसही तिथवर पोचतो. यावर इतकी वर्षं चाललाय.

एकट्याने खेळायच्या गेमला हे जसंच्या तसं लागू नाही. पण कोण पैसे देतं आणि कोण वेळ देतं, हे दोन्ही मान्य करणारी रचना हवी.

काकडआरती
नातवाने मला एक युक्ती दाखवली. फोनचं घड्याळ आठ तास पुढे केलं की पीठ लगेच फुगतं. दहा रुपये वाचले.

अर्धा_कप
😂 काका! सर्व्हर नाही हो माझा, सगळं फोनच्याच वेळेवर चालतं. बंद करू का हे?

सुशेगाद_सर्वर
करू नका. एकट्याचा गेम आहे, कोणाचं काही लुटलं जात नाही. उलट घड्याळ पुढे केलेलं ओळखा, आणि सकाळी इडली आंबट लागल्याची एखाद्या पोराची तक्रार येऊ द्या.

फार महत्त्वाचं दुसरंच आहे. सेव्ह, म्हणजे खेळाडू कुठवर पोचला याची नोंद, कुठे ठेवताय? लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्याच साठ्यात असेल तर आयफोनवाल्यांचं काय? त्यांच्या सफारी ब्राउझरमध्ये २०२० पासून नियम आहे, ब्राउझर वापरात असताना सात दिवस तुमच्या साइटला हात लागला नाही, तर स्क्रिप्टने साठवलेलं सगळं पुसलं जातं. होम स्क्रीनवर चिकटवलेल्या गेमला तो लागू नाही. फुकट गेमची सेव्ह गेली तर माणूस चुकचुकतो. १४९ घेतल्यावर गेली तर भांडायला येतो, आणि त्याचं बरोबर असतं.

हडसनकाठ
अगदी. माझी दिवाळीपर्यंत आणलेली खानावळ अशीच गेली. आठवडाभर प्रवासात होतो, परत आलो तर पुन्हा जून, कोरी वही. तेव्हा वाटलं गेममधलाच काही भाग आहे, मालकाने जागा खाली करून घेतली असेल.

अर्धा_कप
अरे देवा, माफ करा. हे मला माहीतच नव्हतं. सेव्ह मजकूर म्हणून कॉपी करता येईल असं बटण आज रात्रीच टाकते. आणि पैसे भरल्याची खूण सेव्हमध्ये नको, वेगळा पावती क्रमांक हवा, नाहीतर सेव्हबरोबर तीही जाईल. हो ना?

सुशेगाद_सर्वर
हो. ईमेलवर पावती क्रमांक, तो टाकला की कुठल्याही फोनवर गेम उघडला पाहिजे. चार जणांनी एकच क्रमांक वापरला तर वापरू द्या. खानावळीच्या कुपनावर मित्र जेवून जातोच.

चिंचगूळ
जातोच, आणि आईला ते माहीत असायचं.

कोरी_पाटी
नवा सदस्य. मी म्हणतो दर रविवारी स्पर्धा ठेवा. दहा रुपये प्रवेश, ज्याची खानावळ सगळ्यात नफ्यात त्याला जमलेल्यातले अर्धे. लोक तुटून पडतील.

काकडआरती
नको, नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आहे. पैसे लावून पैसे जिंकायची आशा दाखवणारा कुठलाही खेळ त्यात बसतो, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. दंड आणि तुरुंग दोन्ही आहे. नुसती प्रवेश फी किंवा वर्गणी घेऊन खेळू द्यायला त्याच कायद्यात मोकळीक आहे, फक्त ती रक्कम पैज म्हणून लावलेली नसावी. स्पर्धा ठेवायचीच तर विनाशुल्क, आणि विजेत्याला चिंचगूळताईंच्या हातचं श्रीखंड.

चिंचगूळ
एकच वाटी.

घाटावरचा
फुकटचा मुद्दा मी सोडलेला नाही. वर्डल हा शब्द ओळखायचा ब्राउझर गेम बघा. एका माणसाने घरच्यांसाठी बनवला, ना जाहिरात, ना खरेदी, दिवसाला एकच शब्द. १ नोव्हेंबर २०२१ ला ९० माणसं खेळत होती, दोन महिन्यांत तीन लाख. जानेवारी संपेपर्यंत न्यू यॉर्क टाइम्सने दहा लाख डॉलरच्या वर मोजून घेतला. फुकट दिला म्हणूनच ना?

बाराखडी
फुकट दिलेले पण कोणी विकत न घेतलेले किती, त्यांचा हिशोब कोण ठेवतो? माझंच सांगते. मराठी शब्दकोड्याची साइट काढली होती, जाहिराती लावून. जाहिरातवाले १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. मला तिथवर पोचायला एकोणीस महिने लागले, आणि त्या काळात आडव्या शब्दांच्या बरोबर मध्ये गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात फिरत होती. आईने कोडी सोडवणं बंद केलं. म्हणाली, "पेन ठेवायला जागा नाही गं."

वर्डलचं खरं शिकण्यासारखं म्हणजे ते रंगीत चौकोन. उत्तर न फोडता आपली फजिती दाखवता येते. अर्धा_कप, तुमच्या गेममध्ये महिनाअखेरीच्या वहीचं पान तसंच पाठवता येऊ दे. 'ऑक्टोबर: नफा ४० रुपये, उधारी १७ ताटं, मावशी रुसल्या.' हे मी लगेच व्हॉट्सॲपवर टाकीन.

घाटावरचा
हे मात्र भारी आहे. सहमत. (तारीख लिहून ठेवा.)

अर्धा_कप
वहीचं पान नक्की. आता मला छळणारा खरा प्रश्न. एकरकमी घ्यायचे असं जवळपास ठरलंय. पण फुकट भाग कुठे संपवू? जून फुकट, जुलै फुकट, आणि श्रावण लागला की पैसे? श्रावणात बेत पालटतो, निम्म्या पोरांचे उपास, साबुदाणा, मग गणपतीला सगळे गावाला. गेम खरा तिथेच रंगतो. की जूनअखेरीस? तिथे वहीत पहिल्यांदा तोटा दिसतो आणि लोकांना चुरस चढते.

हडसनकाठ
जूनअखेर. माणूस गुंतलेला असतो, लगेच पैसे देईल.

सुशेगाद_सर्वर
देईल, पण चिडून. पडलेल्या माणसाला हात देण्याचे पैसे मागितल्यासारखं होतं ते. तोटा त्याला फुकटात भरून काढू द्या. जुलैत पहिला नफा दिसतो, तेव्हा थांबवा. आपल्याला हे जमतंय असं वाटलेला माणूस आनंदाने पुढे जातो, आणि ज्याला पुढे जायचं नाही त्याच्याकडेही एक पुरी गोष्ट राहते: तोट्यात गेलेली खानावळ मी वर काढली.

चिंचगूळ
शिवाय आषाढ संपता संपता थांबवलं तर तळण खाऊन झालेलं असतं. भरल्या पोटी माणूस सढळ असतो. आई नव्या पोराला पहिले दोन दिवस फुकट जेवू घालायची, दुसऱ्या दिवशी हमखास भजी. पैशांची गोष्ट त्यानंतर.

नववी_ब
म्हणजे फ्रीमियमचा, आधी फुकट मग पैसे याचा, शोध पेठेत लागला.

काकडआरती
किमतीचं एक सुचवतो. १४९ नको, १५१ ठेवा. आपल्याकडे वरचा एक रुपया दिला की व्यवहाराचा आहेर होतो. एक रुपया कमी केला की सेलमधली साडी वाटते.

कोरी_पाटी
मग हवं तेवढं देण्याचेही आकडे तसेच ठेवा: ५१, १०१, १५१, ५०१. न्यू जर्सीवाल्यांची लाजही राहील.

हडसनकाठ
५०१ वर माझं नाव घाला.

घाटावरचा
५१ वर माझं. बघताय काय? विद्यार्थी दर.

अर्धा_कप
(बारा दिवसांनी) ठरलं मंडळी. आषाढअखेर फुकट. पुढे १०१ पासून, वर ज्याची जशी इच्छा. जाहिरात नाही, आत खरेदी नाही. पीठ आठ तासच घेणार, घड्याळ पुढे करणाऱ्यांना आंबट इडली. खाडे आले: रोज आला नाहीत तर काही जात नाही, सलग तीन दिवस नसलात तर परत आल्यावर मावशींनी सांभाळलेली गल्लापेटी मिळते. फळा आता रुंदी मोजतो, श्रीखंड-पुरी मावते. सेव्ह कॉपी करायचं बटण पहिल्याच पडद्यावर आहे. पुढच्या शुक्रवारी रात्री लिंक खुली करते. नवरा म्हणतो दहा रुपयांच्या बटणात घर चाललं असतं. त्याला उद्या भजी नाहीत.

चिंचगूळ
खाड्याच्या वहीत माझ्या आईचं अक्षर वापरायचं असेल तर जुनी वही स्कॅन करून पाठवते. तिला सांगितलं तर म्हणाली, उधारीची पानं तेवढी पाठवू नकोस, ती पोरं आता मोठी साहेब झालीत.

बाराखडी
चिंचगूळताई, पाठवाच. त्या अक्षरावरून आकड्यांचा फॉन्ट मी करून देते. पैसे नकोत, खाड्यात धरा.

नववी_ब
नवीन आवृत्ती खेळलो. मस्त झालीय. भात अजून उणे दोन किलोच आहे.